वाफेवर किती, छपराखाली किती?

जुनी वाफेची इंजिने जपणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संस्थेकडे 'पुढे दुरुस्त करायच्या' इंजिनांची एक यादी असते. ही यादी सहसा आखूड होत नाही. एक इंजिन वाफेवर आले की त्या आनंदाच्या भरात आणखी दोन दाखल होतात. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातले एखादे, भंगाराच्या लिलावातून ऐनवेळी सोडवलेले एखादे. सगळ्यांना वाटते की पैसे मिळतील, माणसे मिळतील, हेही एक दिवस धावेल. मग दहा-पंधरा वर्षांनी आवारात फेरी मारली तर दिसते काय? दोन इंजिने चालू, तीन सुटी करून ठेवलेली, बाकीची ताडपत्रीखाली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

किती इंजिने पुन्हा चालती करायची हा प्रश्न बहुधा पैशाचा म्हणून मांडला जातो. माझ्या मते त्याचे उत्तर तिजोरीत किंवा लोकांच्या प्रेमात शोधण्याऐवजी वर्कशॉपच्या गतीत शोधावे. तिथून निघणारा आकडा आपल्या इच्छेपेक्षा बराच लहान असतो. तो मान्य करणारी संस्था टिकते, आणि न करणारी आपल्याकडची चांगली इंजिनेही हळूहळू बंद पाडते.

यामागचे कारण बॉयलरमध्ये आहे. वाफेचे इंजिन एकदा दुरुस्त केले की झाले, असे होत नाही. भट्टीच्या पत्र्याला एका बाजूने आगीचा चटका आणि दुसऱ्या बाजूने दाबाखालचे पाणी असते. आतली भट्टी आणि बाहेरचे कवच यांना शेकडो स्टे (दोन्ही पत्र्यांना जोडणाऱ्या धातूच्या कांड्या), मोठ्या इंजिनात हजाराहून अधिक, एकत्र धरून ठेवतात. दर वेळी तापताना आणि निवताना हे सगळे धातू वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात. स्टे तुटतात, भट्टीतला गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या ट्यूब झिजतात, पाण्यातला क्षार पत्र्यावर बसतो. म्हणून बॉयलरला मुदत असते. ब्रिटनमध्ये ती साधारण १० वर्षांची असते. त्यानंतर बॉयलर चौकटीवरून उतरवून, ट्यूब काढून, आतून-बाहेरून तपासल्याशिवाय विमा मिळत नाही. अमेरिकेत २००० सालापासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष वापराचे १४७२ दिवस किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तशीच सखोल तपासणी करावी लागते. त्या नियमांच्या फेररचनेला जून १९९५ मधल्या गेटिसबर्गच्या अपघाताने जोर दिला. तिथे एका पर्यटक गाडीच्या इंजिनातले पाणी कमी झाले, पाण्याची पातळी दाखवणारी काच नीट वाचता येत नव्हती, आणि भट्टीचे छत तापून खचले. तिघे कर्मचारी भाजले. हौशी संस्थांना हे नियम जाचक वाटतात खरे, पण भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या फायरमनला ते जाचक वाटत नसावेत.

आता साधे गणित करू. समजा मुदत १० वर्षांची आहे. वर्कशॉपमध्ये एका वेळी एकच मोठी दुरुस्ती होऊ शकते आणि तिला २ वर्षे लागतात. म्हणजे १० वर्षांत ५ इंजिने बाहेर पडतील, आणि सहावे बाहेर येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असेल. या संस्थेला कायम ५ इंजिने वाफेवर ठेवता येतात, सहावे कामाखाली. इथपर्यंत कुणाचा वाद नसतो. पण त्याच संस्थेने ६ ऐवजी १२ इंजिने रांगेत घेतली तर? प्रत्येकाचा फेरा २४ वर्षांचा होतो: १० वर्षे धावणे, २ वर्षे दुरुस्ती आणि १२ वर्षे नुसती वाट पाहणे. धावणारी इंजिने तरीही पाचच राहतात! म्हणजे दुप्पट इंजिने घेऊन पदरात पडली ती नुसती वाट.

बरे, वाट पाहणारे इंजिन आहे तसे राहत नाही. उघड्यावर १२ वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाच्या टेंडरची, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, टाकी खालून कुजते, धुरपेटीच्या तळाशी राख आणि पावसाचे पाणी मिळून पत्रा खाऊन टाकतात, सिलिंडरात गंज चढतो. मग त्याची दुरुस्ती २ वर्षांत होत नाही, ३ लागतात. दुरुस्तीला सरासरी ३ वर्षे लागू लागली की त्याच वर्कशॉपला ५ ऐवजी ३च इंजिने धावती ठेवता येतात. अधिक इंजिने हाती घेतल्यामुळे कमी इंजिने धावतात, हे मला या सगळ्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि संस्थांच्या सभांमध्ये त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

शिवाय दुरुस्तीचा कालावधी गृहीत धरताना आपण नेहमी आशावादी असतो. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे उदाहरण तर जगजाहीर आहे. १९२३ साली बांधलेले हे इंजिन ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ साली २३ लाख १० हजार पौंडांना घेतले. २००६ साली दुरुस्ती सुरू झाली. जसजसे इंजिन उघडत गेले तसतसे आतले दुखणे दिसत गेले, चौकटीतल्या भेगांपर्यंत. इंजिन पुन्हा मुख्य मार्गावर आले ते २०१६ साली, आणि दुरुस्तीचा खर्च ४२ लाख पौंडांवर गेला; म्हणजे खरेदीपेक्षा दुरुस्तीच महाग पडली. एवढी मोठी संस्था, एवढे प्रसिद्ध इंजिन, मागे एवढा लोकाश्रय, तरी १० वर्षे गेली. चार स्वयंसेवक आणि एक लेथ यांच्या जोरावर 'दोन वर्षांत करू' म्हणणाऱ्यांनी हे इंजिन डोळ्यांसमोर ठेवावे. गंजलेल्या बॉयलरबद्दल कुणी तो उघडण्याआधीच पक्का आकडा सांगत असेल, तर मी त्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

यावर एक ठोस प्रतिवाद आहे आणि तो बॅरीहून येतो. वेल्समधल्या बॅरी बंदरात वुडहॅम बंधूंचे भंगाराचे आवार होते. ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढली तेव्हा डाय वुडहॅम यांनी २९७ इंजिने विकत घेतली, पण तोडायला आधी मालडबे घेतले, कारण ते काम सोपे होते. इंजिने खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. १९६८ पासून पुढची वीसेक वर्षे हौशी मंडळी एकेक करून ती सोडवून नेत राहिली, आणि अखेर २१३ इंजिने वाचली. त्या वेळी कुणी माझ्यासारखे गणित मांडले असते तर यांतली निम्मी तरी तोडली गेली असती. आज ब्रिटनमधल्या जतन केलेल्या मार्गांवर धावणारी कितीतरी इंजिने बॅरीची आहेत. त्यातले एखादे धावताना पाहिले की वाटते, बरे झाले त्यांनी हिशेब केला नाही.

हा प्रतिवाद मला पटतो, पण बॅरीने सिद्ध केले ते वाचवण्याचे मोल, आणि वाचवणे व वाफेवर आणणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. भंगारात तोडले जाणारे इंजिन एकदा गेले की गेले. त्यामुळे वाचवण्याच्या निर्णयाला घाई असते आणि तिथे हात सैल सोडायला हरकत नाही. वाफेवर आणण्याच्या निर्णयाला मात्र घाई नसते. छपराखाली, ग्रीस लावून, चिमणी झाकून, बॉयलर कोरडा ठेवून उभे केलेले इंजिन आणखी ५० वर्षांनीही दुरुस्त करता येईल. म्हणून मर्यादित पैशातला पहिला मोठा वाटा छपरासाठी जावा असे मला वाटते. छपराला पाटी लावून कुणी फीत कापत नाही, ही अडचण आहेच. पण एका एक्स्प्रेस इंजिनाच्या दुरुस्तीत जेवढा पैसा जातो तेवढ्यात अनेक इंजिनांवर पक्की शेड उभी राहते, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा खर्च कमी होतो.

आकडा ठरला, समजा पाच. मग कोणती पाच? इथे बहुतेक जण ऐतिहासिक महत्त्वाकडे बोट दाखवतात, आणि इथेच माझे मत उलटे आहे. जे इंजिन जितके दुर्मीळ, जितके महत्त्वाचे, तितके ते वाफेवर आणायला नालायक. कारण धावणारे इंजिन स्वतःला खाते. दर मोठ्या दुरुस्तीत जुना पत्रा जातो, नवा येतो. रिव्हेट जातात, वेल्डिंग येते. भट्टी बदलते, सिलिंडर नव्याने घोटले जातात, चाकांचे टायर बदलतात. चार फेऱ्यांनंतर मूळ कारागिराच्या हातचे किती उरते? रोजच्या कामातल्या इंजिनांचे असे भाग चालतेपणीही बदलले जायचे, तो त्यांच्या जगण्याचाच भाग होता. म्हणून साध्या इंजिनाबाबत मला त्याचे काही वाटत नाही. पण स्टीफन्सन यांचे १८२९ चे 'रॉकेट' संग्रहालयात आहे ते त्यातल्या मूळ धातूसाठी. ते कसे धावत असेल हे पाहायचे होते तेव्हा १९७९ साली त्याची चालती प्रतिकृती केली गेली. अगदी योग्य केले. अमेरिकेतले 'जॉन बुल' १८३१ चे. तिथल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने ते १९८१ साली, दीडशे वर्षे पूर्ण झाली म्हणून, चालवून दाखवले आणि नंतर पुन्हा संग्रहालयात ठेवले. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारे ब्रिटनचे 'मॅलार्ड' आज थंड उभे आहे आणि तरी लोक त्याच्यासमोर रांगा लावतात. त्याने धुराचा एकही लोट सोडला नाही तरी त्याचे महत्त्व कमी होत नाही.

भारतातली 'फेअरी क्वीन' याच्या विरुद्ध बाजूची. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेले हे इंजिन १९९७ साली पुन्हा चालते केले गेले आणि नियमित सेवेतले जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. पुढे शेडमध्ये उभे असताना २०११ साली त्याचे सुटे भाग चोरीला गेले, चेन्नईतल्या पेरांबूरच्या वर्कशॉपमध्ये नवे भाग घडवावे लागले, आणि ते परत आले २०१७ साली. मला त्याच्या धावण्याचे अप्रूप नाही असे नाही. पण १८५५ च्या इंजिनाला पर्यटक ओढायला लावण्यापेक्षा ते काम भारतीय रेल्वेच्या प्रवासी गाड्यांसाठीच्या डब्ल्यूपी वर्गाच्या एखाद्या इंजिनाला द्यावे, असे मी म्हणेन. हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये तशी इंजिने आहेतच. डब्ल्यूपी ७५५ बांधली गेली, मालगाड्यांसाठीची डब्ल्यूजी तर २४५०, आणि दोन्ही वर्गांमध्ये बरेच सुटे भाग सामायिक आहेत. असे इंजिन झिजले तर इतिहासाचे नुकसान थोडे, आणि दुरुस्तीला दुसऱ्याचा भाग उपयोगी पडतो.

सुट्या भागांचा हा मुद्दा निवडीत फार वर असायला हवा. पाच वेगवेगळ्या कारखान्यांची पाच देखणी इंजिने म्हणजे पाच प्रकारची बेअरिंगे, पाच प्रकारची इंजेक्टर, साच्यांचे पाच संच. एकाच वर्गाची दोन आणि त्यांच्या जवळच्या वर्गाची तीन असतील, तर एक जादा बॉयलर तयार ठेवता येतो. मुदत संपलेला बॉयलर उतरवायचा, तयार बॉयलर चढवायचा, इंजिन थोड्या काळात परत कामावर. चालत्या रेल्वेचे मोठे वर्कशॉप असेच काम करायचे. यात शोभा नाही, विविधता नाही, आणि फोटो काढणारे कुरकुरतील. विविधता छपराखाली पाहू द्यावी.

मार्गाला किती मोठे इंजिन लागते, हाही प्रश्न विचारायचा राहून जातो. ब्रिटनमधल्या जतन केलेल्या बहुतेक मार्गांवर वेगमर्यादा ताशी २५ मैल आहे. त्या वेगाने पाच डबे ओढायला दिल्ली-मुंबईसारख्या लांब पल्ल्यांसाठी घडवलेले अवजड एक्स्प्रेस इंजिन लावले की कोळसा जास्त जळतो, पूल आणि रूळ जास्त झिजतात, आणि बॉयलर मोठा म्हणून दुरुस्तीही मोठी. टाकी अंगावरच घेऊन फिरणारे एखादे लहानसे शंटिंगचे इंजिन तेच काम निमूटपणे करते. टॅलिलिन रेल्वेची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली जगातली पहिली रेल्वे ती हीच, वेल्समधली, १९५१ ची. हाती दोन इंजिने. त्यांतले 'टॅलिलिन' कामातून गेलेले. पहिला हंगाम १८६६ च्या 'डॉलगॉख' या एका म्हाताऱ्या इंजिनाने ओढला. त्याच वर्षी त्यांनी बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने मिळून ५० पौंडांना घेतली, कारण त्यांचे रूळमाप यांच्याशी जुळत होते. गाड्या चालवायला नेमके काय लागते, एवढाच त्यामागचा विचार. ती रेल्वे आजही चालू आहे.

पैसा असलेल्यांनीही हात आवरता घेतल्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी १९४१ ते १९४४ दरम्यान 'बिग बॉय' वर्गाची २५ अवाढव्य इंजिने बांधली गेली, त्यांतली ८ उरली. कंपनीने २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयातून ४०१४ क्रमांकाचे परत घेतले आणि मे २०१९ मध्ये वाफेवर आणले. बाकीची सात जागच्या जागी उभी आहेत, कुणाला त्यांचे वैषम्य नाही. आणि २०२२ साली त्याच कंपनीने आपल्याकडचे दुसरे अवाढव्य इंजिन, 'चॅलेंजर' ३९८५, इलिनॉयमधल्या एका जतन संस्थेला देऊन टाकले. सगळे आपल्याच शेडमध्ये ठेवण्याचा हट्ट धरला नाही. आपल्याला झेपत नसेल ते झेपणाऱ्याला देणे हाही जतनाचाच भाग आहे. यादीतली नावे कमी करण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग.

देणगीचा प्रश्न मात्र मला पूर्ण सुटलेला नाही, हे मान्य करतो. लोक छपराला पैसे देत नाहीत, इंजिनाला देतात. तेही ठरावीक इंजिनाला. ज्या इंजिनावर एखाद्याचे वडील फायरमन होते, त्याच्यासाठी तो पदरमोड करेल, बाकीच्यांसाठी नाही. 'हे इंजिन आमच्या यादीत नाही' असे त्याला सांगितले तर पैसा दुसऱ्या इंजिनाकडे वळत नाही, घरी परत जातो. स्वयंसेवकांचेही तसेच. शनिवार-रविवार हातोडा घेऊन येणारा माणूस एका विशिष्ट इंजिनाच्या प्रेमापोटी येतो. त्याला 'आज दुसऱ्याच्या ट्यूब काढ' म्हटले तर दोनदा काढेल, तिसऱ्यांदा येणार नाही. तेव्हा वरचे गणित कागदावर कितीही चोख असले तरी ते माणसांवर तसेच्या तसे लादता येत नाही. माझी सूचना एवढीच की अशी देणगी घेताना अट घालावी: त्या इंजिनाच्या दुरुस्तीबरोबर त्याच्या पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी सुरू झाला पाहिजे, आणि धावल्यावर प्रत्येक फेरीच्या उत्पन्नातून त्यात भर पडली पाहिजे. जो गट एवढे करू शकतो त्याने खुशाल सहावे इंजिन आणावे, वर्कशॉपमधली जागा मात्र आपल्या पाळीनेच मागावी.

हातांचा प्रश्न पैशाहून कठीण आहे. तापलेला रिव्हेट ठोकणारा, स्टेचे डोके नीट बसवणारा, बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतणारा कारागीर पुस्तक वाचून तयार होत नाही. जर्मनीत मायनिंगेनचे वर्कशॉप अजून वाफेच्या बॉयलरचे काम करते, म्हणूनच ब्रिटनमध्ये २००८ साली पूर्ण झालेल्या नव्याकोऱ्या 'टॉर्नेडो' इंजिनाचा बॉयलर तिथून बनवून आणावा लागला. कामाचा ओघ तुटला की असे हात पांगतात. एकदम आठ इंजिने काढून दोन वर्षे धावपळ आणि मग पाच वर्षे शुकशुकाट, यापेक्षा दर दोन वर्षांनी एक इंजिन, न चुकता, हा क्रम कारागिराला पोसतो आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यालाही. निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने नवी वाफेची इंजिने बांधली ती अंगात मुरलेल्या अशा सवयीच्या बळावर.

सर्वांत वाईट अवस्था असते ती सुटे करून सोडून दिलेल्या इंजिनाची. छपराखालचे इंजिन इंजिन तरी असते. सुटे केलेले इंजिन म्हणजे पेट्यांमधले नटबोल्ट, चिठ्ठ्या गळून पडलेले पाइप आणि कशाचे काय ते माहीत असलेला एकच माणूस. तो माणूस गेला की ते परत जुळवणे नव्याने बांधण्याइतके अवघड. म्हणून एक नियम तरी संस्थांनी लेखी करावा: जोडण्यापर्यंतचा पैसा आणि वर्कशॉपमधली तारीख हातात असल्याशिवाय पहिला बोल्ट सोडायचा नाही. आणि जे इंजिन पुन्हा कधीच पूर्ण होणार नाही, त्याचे काय? ब्रिटनमध्ये बॅरीहून आलेल्या 'मेंडी हॉल' या इंजिनापासून 'लेडी ऑफ लिजंड' हे नामशेष झालेल्या सेंट वर्गाचे इंजिन घडवले गेले आणि २०१९ साली ते धावू लागले. एक खरे इंजिन मोडून दुसऱ्याची नवी आवृत्ती केली, म्हणून त्यावर टीका झाली. 'मेंडी हॉल'च्या वर्गाची आणखी भावंडे शिल्लक होती आणि सेंट एकही नव्हते, एवढा हिशेब मांडून मी त्या निर्णयाच्या बाजूने मत दिले असते. मात्र अशी पाळी कोणत्या इंजिनावर येणार आणि कोणत्यावर कधीच येणार नाही, हे संस्थेने आधीच, सभासदांसमोर, नावानिशी जाहीर केलेले असावे.